पावसातले माहेरपण

इंग्रजीतील 'होमकमिंग' या शब्दाचे मराठीकरण करावयास बसले म्हणजे प्रथम 'गृहागमन' हा शब्द लेखणीतून उतरतो. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्यात घर आहे, ओढ नाही. आमच्या मते आपल्या भाषेत याला एकच शब्द शोभतो, आणि तो म्हणजे 'माहेरपण'. सासरी गेलेली लेक श्रावणात पंचमीच्या सणाला माहेरी येते. वाटेत ओढ्याला पूर असो की चिखलात गाडीचे चाक रुतलेले असो, ती यावयाची थांबत नाही. आणि चार दिवस मैत्रिणींबरोबर झोके घेऊन, जुनी नावे नि जुन्या खोड्या आठवून ती परत जाते. अमेरिकेतील कॉलेजे आपल्या जुन्या विद्यार्थ्यांस दर शरदऋतूत असेच बोलावितात, आणि पंचमीच्या झोक्याच्या जागी तेथे फुटबॉलचा सामना असतो. असे एक माहेरपण, आणि तेही भर पावसातले, पाहण्याचा योग आम्हांस एका ऑक्टोबरात आला. त्याची हकीकत या अंकात द्यावी असे दोन कारणांनी वाटले. एक कारण पुढे ओघाने येईल. दुसरे असे की, आपल्या विद्यार्थ्यांस परदेशच्या उंच इमारतींविषयी पुष्कळ ऐकावयास मिळते; तेथील माणसे भिजतात कशी, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमचे धाकटे बंधू ओहायओ राज्यात, क्लीव्हलंड शहराजवळ नोकरीस आहेत. दिवाळीच्या सुटीस शिल्लक रजा जोडून आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. तेथून दक्षिणेस मोटारीने तासाभराच्या अंतरावर वुस्टर नावाचे गाव आहे, आणि त्या गावात आपल्या शाळेचे एक जुने स्नेही राहतात. त्यांचे नाव येथे छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून आम्ही त्यांस नुसते 'काका' म्हणू. ग्रंथालयाच्या दुसऱ्या कपाटातील इंग्रजी बालपुस्तके ज्यांनी वाचली आहेत, त्यांस काकांचे ऋण ठाऊक आहे. त्यांचे वडील मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉक्टर होते आणि मातोश्री काही वर्षे आपल्या शाळेत इंग्रजी शिकवीत. काकांचा जन्म मिरजेचा, १९४२ सालचा. शिक्षण कोडाईकनालच्या शाळेत झाले, आणि १९६० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते वुस्टर कॉलेजात दाखल झाले. मराठी ते आजही बोलतात. पण ती अठराव्या वर्षी जेथे थांबली तेथेच आहे. इस्पितळाच्या आवारातील आया, माळी, धोबी यांच्याकडून जी उचलली तीच. दारात आम्हांस पाहताच ते म्हणाले, "या मास्तर, या! पाऊस घेऊनच आलासा की!"

पाऊस आम्ही नेला नव्हता; तो उत्तरेकडील ईरी सरोवरावरून आला होता. शुक्रवारी दुपारी क्लीव्हलंडहून निघालो तेव्हाच आभाळ खाली उतरले होते. ओहायओच्या या भागात आमिश पंथाचे लोक पुष्कळ आहेत. वुस्टरच्या शेजारचा होम्स जिल्हा तर त्यांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. स्वतःची मोटार बाळगणे किंवा चालविणे त्यांस मान्य नाही. रस्त्याच्या कडेने त्यांच्या काळ्या घोडागाड्या पावसातून टपटपत चालल्या होत्या, आणि मागे बांधलेल्या लाल दिव्याखेरीज त्यांचे काहीच दिसत नव्हते. आमच्या बंधूंनी तीन वेळा विचारले, "दादा, अशा हवेत सामना होणार तरी आहे का?" आम्हांसही तोच प्रश्न पडला होता. क्रिकेट पाहून वाढलेल्या मनुष्यास ढग दिसले की तंबू आठवतो.

काकांनी आमची ती शंका हसण्यावारी नेली. फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, पावसासाठी थांबत नाही. हिमासाठी थांबत नाही. थांबतो तो फक्त विजेसाठी. आठ मैलांच्या आत वीज चमकली की खेळाडू व प्रेक्षक यांस आत न्यावयाचे, आणि शेवटच्या चमकेपासून तीस मिनिटे जाईपर्यंत खेळ बंद ठेवावयाचा, असा सर्व कॉलेजांना दंडक आहे. हा नियम पुढे आमच्या उपयोगी पडला.

या माहेरपणाची प्रथा प्रथम कोणी पाडली, याविषयी तिकडे आपल्या गावच्या मानपानासारखाच वाद आहे. टेक्सासमधील बेलर विद्यापीठ १९०९ सालचा दाखला देते, इलिनॉय विद्यापीठ १९१० सालचा. मिसूरी विद्यापीठाची कथा मात्र सर्वांत सांगण्याजोगी आहे. मिसूरी व कॅन्सस यांचा वार्षिक सामना पूर्वी कॅन्सस सिटी या शहरात होत असे. पुढे सामने कॉलेजाच्या स्वतःच्या मैदानावरच व्हावेत असा नियम झाला, तेव्हा लहानशा कोलंबिया गावात एवढे प्रेक्षक आणावयाचे कोठून, ही विवंचना पडली. क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रूअर यांनी १९११ साली सर्व जुन्या विद्यार्थ्यांस 'घरी या' असे आवाहन केले, आणि हजारोंनी लोक आले. सामना तीन-तीन असा बरोबरीत सुटला. तिकडे कॅन्ससमधील लॉरेन्स गावी लोक जमून तारेने येणाऱ्या बातम्यांवरून खेळाची हालचाल पाहत होते. तिकिटे खपविण्याच्या गरजेतून निघालेली ही युक्ती शंभर वर्षांवर टिकली, याचे कारण तिकिटांत नसावे.

मोठ्या विद्यापीठांत या दिवसांत मिरवणुका निघतात, राणी निवडतात. कोलंबस शहरातील ओहायओ राज्य विद्यापीठाच्या क्रीडागारात तर लाखावर माणसे बसतात. वुस्टरचे प्रमाण निराळे. १८६६ साली प्रेस्बिटेरियन मंडळीने ओकवृक्षांच्या एका टेकडीवर हे कॉलेज स्थापले. १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थविज्ञानी आर्थर कॉम्प्टन येथलेच विद्यार्थी, आणि त्यांचे वडील येथलेच अध्यापक. डिसेंबर १९०१ मध्ये मुख्य इमारत आगीत जळून खाक झाली, तेव्हा आता कॉलेज मोडले असेच पुष्कळांस वाटले. पण एका वर्षाच्या आत नव्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी काउकी हॉलच्या मध्यभागी एक मोठी कमान आहे. हिवाळ्यात विद्यार्थी रात्रभर खपून ती कमान बर्फाने भरून काढतात. ती पूर्ण बुजली तर दुसऱ्या दिवशी वर्ग भरत नाहीत अशी त्यांची समजूत आहे. (आपल्या नववीच्या वर्गाने हा परिच्छेद वाचू नये.) येथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, हे कॉलेज ज्या तिसऱ्या गटात खेळते त्याचा तसा नियमच आहे. म्हणजे मैदानावर धडका घेणारा मुलगा सोमवारी इतरांप्रमाणेच वर्गात बसणार, आणि शेवटच्या वर्षी इतरांप्रमाणेच स्वतंत्र संशोधनाचा प्रबंध लिहिणार. हा प्रबंध वुस्टरमध्ये प्रत्येकास सक्तीचा आहे. आम्ही शिक्षक असल्यामुळे फुटबॉलइतकीच ही गोष्ट आमच्या मनात भरली. पण तिच्याविषयी पुन्हा केव्हा तरी.

शनिवारी सकाळी उठून पाहतो तो पावसाची संततधार. हवेत उष्णतेचा अंश नव्हता. आपला पाऊस कितीही पडला तरी अंगाला लागत नाही. हा पाऊस हाडांत शिरत होता. अशा हवेत मोटारी उभ्या करण्याच्या पटांगणात आम्ही पाहिलेला देखावा अवर्णनीय होता. लोकांनी मोटारींची मागील दारे वर उघडून त्यांची छपरे केली होती, कोणी ताडपत्र्या बांधल्या होत्या, आणि त्यांखाली पंगती चालल्या होत्या. शेगड्यांवर मांस भाजत होते, मोठ्या पातेल्यांत घेवड्याची तिखट उसळ रटरटत होती, सफरचंदांचा ऊन रस पेल्यांतून फिरत होता. ओळख असो वा नसो, समोर आलेल्या मनुष्यास ताटली द्यावयाची, एवढाच शिष्टाचार. पन्नाशीचे गृहस्थ एकमेकांस टोपणनावांनी हाका मारीत होते. एका टक्कल पडलेल्या न्यायाधीशांस सर्वजण 'भोपळ्या' अशा अर्थाच्या नावाने पुकारीत होते, आणि ते निमूटपणे ओ देत होते. माहेरी आलेल्या लेकीस थोरपण कोण देतो?

आता खेळाविषयी थोडेसे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. यातला चेंडू सोललेल्या नारळासारखा दोन्ही टोकांस निमुळता असतो आणि बहुतेक वेळ तो पायाने नव्हे, हातानेच वाहिला जातो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. मैदान शंभर यार्ड लांब. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे. प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू नेला तर सहा गुण. खेळण्याचा नियत वेळ एक तासाचा, पण थांबत थांबत तीन तासांवर जातो. प्रथम आम्हांस हा प्रकार हुतुतूची झटापट आणि बुद्धिबळाची मसलत यांची भेसळ वाटला. प्रत्येक झटापटीनंतर सारे गडी डोकी एकत्र करून कुजबुजतात, पुन्हा रांगेत उभे राहतात, पुन्हा आदळतात. हल्ली पुष्कळ कॉलेजांनी मैदानावर कृत्रिम तृण अंथरले आहे, म्हणून पूर्वीसारखा चिखल होत नाही. परंतु पावसाने चेंडू मात्र सुळसुळीत होतो, आणि त्या दिवशी तो साबणाच्या वडीसारखा हातांतून निसटत होता.

वुस्टरचे वाद्यवृंद-पथक प्रसिद्ध आहे. हे स्कॉटिश परंपरेचे कॉलेज, म्हणून वादक पिवळ्या-काळ्या चौकड्यांचे स्कॉटिश झगे नेसतात, आणि मशकबाजा वाजविणारे पुढे चालतात. त्या थंड पावसात शंभरांवर उघडे गुडघे एका ठेक्यात वर-खाली होत होते. ओल्याने मशकांचे सूर मधूनच घसरत. पण रांग घसरली नाही. आमच्या शेजारच्या एका बाईंनी आपल्या नातवाकडे बोट दाखवून सांगितले, "तो तिसऱ्या रांगेतला, निळ्या गुडघ्यांचा." आम्हांस सगळेच निळे दिसत होते.

काका मैदानाच्या पश्चिमेकडील बाकांवर एका ठराविक जागी बसतात. छप्पर असलेली जागा मिळत असूनही ते तेथे बसेनात. आम्ही विनविले, वयाची आठवण दिली. ते म्हणाले, "बसा की मास्तर! पावसानं काय माणूस विरघळतंय?" आणि मग त्यांनी या जागेची हकीकत सांगितली.

१९६० च्या शरदऋतूत ते नुकतेच भारतातून आले होते. कातडी अमेरिकन, पारपत्र अमेरिकन, पण अमेरिकेचे त्यांना काहीच ठाऊक नव्हते. वर्गातील विनोद कळत नसत. नाणी मोजावयास वेळ लागे. आणि हा खेळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचा पहिला सामना असाच पावसात झाला. अर्ध्या वेळी बहुतेक नवे विद्यार्थी वसतिगृहात पळाले. काका एकटेच भिजत बसून राहिले. एका मुलाने विचारले, "तू जात का नाहीस?" काकांनी उत्तर दिले, "आमच्या मिरजेत पाऊस आला की लोक बाहेर येतात." तो मुलगा हसला, पण गेला नाही. त्याने आपले अर्धे कांबळे काकांच्या खांद्यावर टाकले. मग आणखी काहीजण परत आले. सामना संपेतो त्या बाकावर अकराजण होते, मुलगे व मुली मिळून. त्या दिवसापासून ते अकरा एकमेकांचे झाले. पदवी घेऊन १९६४ साली ते पांगले, परंतु ज्यांना जमेल त्यांनी माहेरपणाच्या सामन्यास त्याच बाजूस, उघड्यावर, बसावयाचे असा करार झाला.

त्यांपैकी त्या दिवशी तिघे होते. एक काका, एक मक्याची शेती करणारे उंच, अबोल गृहस्थ, म्हणजेच तो कांबळ्याचा धनी, आणि एक निवृत्त शिक्षिका. बाईंजवळ मेणकागदात गुंडाळलेले एक कार्ड होते. त्याविषयी आम्ही विचारताच त्या म्हणाल्या, "ते अर्ध्या वेळी."

दुसरा भाग संपत आला असेल-नसेल, तोच दक्षिणेकडे वीज चमकली. शिट्ट्या झाल्या. खेळाडू आत गेले आणि आम्हां सर्वांस जवळच्या क्रीडाभवनात नेण्यात आले. तेथील लांब ओसरीत ओल्या लोकरीचा वास भरून राहिला होता. घड्याळ तीस मिनिटे मोजू लागले. पंचवीस झाली की पुन्हा चमके, आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होई. शिक्षकाच्या डोळ्यांनी आम्ही पाहत होतो की आता कोण कोण घरी जाईल. तरुण बरेचसे गेले. म्हातारे राहिले.

वेळ घालविण्यासाठी खराब हवेच्या कथा निघाल्या, आणि अशा वेळी ओहायओत एकच कथा निघते. २५ नोव्हेंबर १९५० रोजी कोलंबसमध्ये मिशिगन व ओहायओ राज्य यांचा सामना हिमवादळात खेळला गेला. शेतकरी गृहस्थांचे वडील तेथे हजर होते. मैदानाच्या रेषा दिसत नव्हत्या. त्या झाडून काढाव्या लागत. चेंडू जवळ ठेवण्याचीच भीती, म्हणून दोन्ही पक्ष तो लाथेने दूर झुगारीत. अशा पंचेचाळीस लाथा त्या दिवशी बसल्या. मिशिगनला साऱ्या सामन्यात एकदाही दहा यार्ड सरकता आले नाही, आणि तरीही मिशिगन नऊ विरुद्ध तीन गुणांनी जिंकले. प्रतिपक्षाच्या अडलेल्या लाथांवरच त्यांनी सारे गुण कमावले. पन्नास हजारांवर माणसे हे पाहत बसली होती. "वडिलांना शेवटपर्यंत काही दिसलं नाही," गृहस्थ म्हणाले, "पण ते आम्हांला तो सामना आयुष्यभर सांगत राहिले." त्या दिवशी ते एवढेच बोलले.

याच ओसरीत आम्ही आमची एक शंका काकांपुढे मांडली, आणि ती येथेही मांडतो, कारण आपल्या मुलांस या खेळाचा केवळ मोह पडावा अशी आमची इच्छा नाही. खेळ कठोर आहे. १९०५ च्या एका हंगामात किमान अठरा तरुण या खेळात दगावले, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रमुखांस बोलावून घेऊन कानउघाडणी केली. पुढच्याच वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली, गर्दीची रेटारेटी कमी झाली, आणि खेळ वाचला. मरण थांबले तरी इजा थांबली नाही. २०१७ साली बोस्टनच्या संशोधकांनी धंदेवाईक फुटबॉल खेळलेल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले. ११० मेंदूंत वारंवारच्या आघातांनी होणारा ऱ्हास आढळला. हे मेंदू कुटुंबीयांनी मुद्दाम तपासणीस दिलेले होते, म्हणून सर्व खेळाडूंचे प्रमाण त्यावरून काढता येत नाही. तरीही आकडा विसरण्यासारखा नाही. काका डॉक्टरांचे चिरंजीव. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझ्या नातवाला मी खेळू दिलं नाही. पण बघायला येतो. हे बरोबर आहे का, मला सांगता येत नाही." आम्हांसही सांगता आले नाही.

अर्ध्या वेळेची शिट्टी त्या दिवशी नेहमीच्या वेळी झालीच नाही. तेव्हा बाईंनी घड्याळाकडे पाहिले, कार्ड बाहेर काढले आणि त्या उठून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षे वर्ग चालविलेल्या शिक्षिकेचा तो आवाज होता. ओसरीतील आजूबाजूचे लोकही नकळत गप्प झाले. त्या अकरा नावे क्रमाने पुकारू लागल्या.

ती हजेरी होती. शेतकरी गृहस्थांनी इंग्रजीत उत्तर दिले. एका नावावर बाईंनी दूरध्वनी उचलून धरला, आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातून कोणी वृद्ध मनुष्य मोठ्याने ओ देऊन तेथे ऊन पडले असल्याचे सांगू लागला. त्याबद्दल त्यास सर्वांनी धिक्कारले. सहा नावांवर कोणीच बोलले नाही. प्रत्येक वेळी बाई नाव घेऊन एक श्वासभर थांबत, आणि पुढचे नाव घेत. एक नाव त्याच गावातील शुश्रूषागृहात असलेल्या मित्राचे होते. त्याची स्मृती गेली आहे. स्वतःचे नावही त्याला सांगता येत नाही. ते नाव येताच काका म्हणाले, "हजर धरा." बाईंनी खूण केली. आम्ही व्यवसायाने शिक्षक. गैरहजरास हजर मांडणे आमच्या नियमांत बसत नाही, पण आम्हीही मान हलविली.

शेवटी काकांचे नाव आले. त्यांनी हात वर केला आणि खणखणीत मराठीत उत्तर दिले, "हजर!"

आम्ही चमकून पाहिले. बाई हसून म्हणाल्या की १९६० पासून हे असेच चालत आले आहे. त्या अकरांपैकी प्रत्येकाला मराठीतला हा एक शब्द येतो. कोणी कोणी आपल्या मुलांनाही तो शिकविला आहे.

पुढे वीज थांबली, सामना पुन्हा सुरू झाला आणि पाऊस तसाच राहिला. बाकांवर फारतर पाव प्रेक्षक उरले होते. यजमान पक्ष मागे पडत गेला आणि अखेर हरला. आमच्या हातांची बोटे मिटत नव्हती, त्यामुळे टाळ्या वाजवितानाही लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज येत होता. शेवटची शिट्टी झाल्यावर पिवळ्या-काळ्या झग्यांचे पथक भिजलेल्या मैदानावर पुन्हा उतरले. हरलेल्या मुलांनी शिरस्त्राणे काढून त्यांच्यापुढे उभे राहून कॉलेजचे गीत म्हटले. तिघे म्हातारे एकाच कांबळ्याखाली उभे होते. ते १९६० चेच कांबळे असते तर गोष्ट अधिक शोभली असती; पण ते नवे होते, आणि त्यावर किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

रात्री काकांच्या घरी शेगडीपुढे मोजे वाळत घालून आम्ही बसलो असता मिरजेच्या गोष्टी निघाल्या. तंबोरे करणाऱ्यांची गल्ली, दर्ग्याचा उरूस, जंक्शनवर रात्री बदलावी लागणारी गाडी. काका १९९८ साली एकदा मिरजेस जाऊन आले होते. घर होते, झाडे होती, ओळखणारे कोणी नव्हते. रखवालदाराने नम्रपणे विचारले, "कोणाला भेटायचं आहे?" त्याला काय सांगावे हे काकांस सुचले नाही.

"इथं मात्र दरसाल नाव पुकारतात," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मास्तर, तुमच्या शाळेत जुन्या पोरांची हजेरी कोण घेतं?"

आम्ही सांगितले की वार्षिक स्नेहसंमेलनाचे निमंत्रण ज्यांचे पत्ते आहेत त्यांना जाते. जुन्या पिढीतल्या फारच थोड्यांचे पत्ते कार्यालयात आहेत. काका उठले आणि आतून एक पाकीट घेऊन आले. त्यात शाळेच्या जुन्या हजेरीपटाचे एकच पान होते, १९५३ सालच्या इयत्ता पाचवीचे. त्यांच्या मातोश्रींच्या हातची एकतीस नावे, देवनागरीत, अतिशय काळजीपूर्वक काढलेल्या अक्षरांत. परकी लिपी शिकून लिहिणाऱ्याची अक्षरे असतात तशी. पट बदलला तेव्हा हे पान त्यांच्या कागदांत राहून गेले असावे. "आईची पोरं," काका म्हणाले. "कोण कोण आहेत तेवढं बघा."

ते पान आता मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरील काचेच्या फळ्यात लावले आहे. त्यावरील विद्यार्थी आज ऐंशीच्या पुढे असतील. ज्या वाचकांस त्यांपैकी कोणाची माहिती असेल, त्यांनी ती कार्यालयात लेखी कळवावी. हे लिहीपर्यंत दोन नावांपुढे खूण झाली आहे. एक गृहस्थ आपल्या मुलाकडे पुण्यास असतात. त्यांनी स्वतःच्या हाताने 'हजर' एवढेच लिहून कार्ड धाडले. दुसऱ्या बाई तासगावकडील एका खेड्यात आहेत. त्यांच्या नातीने पत्र लिहिले आहे आणि आजीचा निरोप म्हणून शेवटी विचारले आहे की, बाईंचा तो लहान मुलगा, जो पावसात छत्री न घेता शाळेच्या फाटकापाशी आईची वाट पाहत उभा राहावयाचा, तो अजून मराठी बोलतो का.